दहा सेकंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘शेजाऱ्यांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सचिवकाका म्हणाले, “वहिनी, दहा-पंधरा मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा.” मी याआधी भाषण असं कधी केलेलं नाही. कंपनीत सकाळच्या मीटिंगमध्ये उभं राहून ‘काल एवढे पीस रिजेक्ट झाले, कारण हे’ एवढंच बोलायची सवय. त्यामुळे आजही मी एका रिजेक्शनबद्दलच बोलणार आहे. ते माझं स्वतःचं आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चौदा वर्षं झाली. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला मी कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असते, दूधवाले दादा साक्षीदार आहेत. काम काय, तर चूक शोधायची. भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल बिनमध्ये. केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी तो सापडला पाहिजे, कारण तो भाग कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकला लागणार असतो. या कामाचा मला अभिमान आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडची निम्मी घरं अशाच कामावर उभी आहेत. आमचे सासरे, ज्यांना तुम्ही सगळे नाना म्हणून ओळखता, त्यांनी तीस वर्षं लेथ चालवली आणि फंडाच्या पैशांतून इथला फ्लॅट घेतला. आज पंचवीस वर्षं झाली म्हणून आपण जो आनंद करतोय, त्यात त्यांच्या हाताचे घट्टे आहेत.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चूक शोधणारी नजर पंच करून बाहेर पडताना गेटवर ठेवून येता येत नाही. ती बसमध्ये बरोबर बसते आणि घरी येते. पोळी कुठे जाड राहिली, वहीत अक्षर कुठे ओळ सोडून गेलं, हे मला आधी दिसतं. बाकीचं नंतर दिसतं, कधी दिसतच नाही.

आता आमच्या लेकीकडे येते. ती अकरा वर्षांची, सहावीत आहे. तिचं जिम्नॅस्टिक्स कुठे सुरू झालं, तर आपल्या सोसायटीत. बागेच्या कडेला विटांचा जो अरुंद कठडा आहे ना, त्याच्यावरून ती चार वर्षांची असल्यापासून हात पसरून चालायची. एकदा वॉचमनकाकांनी उतरवलं, एकदा समितीने ‘येथे चढू नये’ असं लिहायचं ठरवलं होतं. मीही ओरडायचे. नाना तेवढे बाकावर बसून बघत राहायचे आणि म्हणायचे, “चालू दे तिला. वरून पडली तरी वीतभर उंची आहे.”

नानांचं असं म्हणणं साहजिक होतं. लहानपणी गावच्या तालमीत त्यांनी मल्लखांब केलेला. आपल्या महाराष्ट्रात शरीराचा हा खेळ काही नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, तिथपासून तो शाळाशाळांत, आखाड्यांत पोचला. 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मुली दोरीवर मल्लखांब करतात, लाकडी खांबावरही करतात. हिमानी परबला तर त्यासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. नाना सांगायचे, “आम्ही खांबाला एरंडेल चोळायचो. अंग सोलवटू नये म्हणून.” नातीच्या वर्गात पोरं हाताला पांढरी पूड फासतात हे ऐकून त्यांना मोठी गंमत वाटली. म्हणाले, “आमचं घसरावं म्हणून, तुमचं घसरू नये म्हणून. पण पडणं दोन्हीकडे सारखंच.”

तर अशी कठड्यावरून चालता चालता लेक चिंचवडला एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात जाऊ लागली. आठवड्यातून चार दिवस. ह्यांचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत, त्यामुळे सोडणं ह्यांच्याकडे, आणणं माझ्याकडे. तिने कपाटाच्या दारावर दीपा कर्माकरचा फोटो चिकटवला. मला तेव्हा दीपा कोण हे नीटसं माहीत नव्हतं. लेकीनेच सांगितलं. त्रिपुरातल्या आगरताळ्याची मुलगी, लहानपणी तळपाय सपाट होते, म्हणजे या खेळाला नडणारे. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे सुरुवातीला धड साहित्यही नव्हतं. जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून उडीचं साधन जुळवलं होतं. हे ऐकून आमचे हे एकदम खूश. स्कूटर म्हटल्यावर आकुर्डीच्या माणसांना कुणी तरी आपल्या घरातलं नाव घेतल्यासारखं वाटतं! तीच दीपा 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, व्हॉल्टवर प्रोदुनोव्हा नावाची अतिशय धोक्याची उडी घेतली आणि चौथी आली. तिला 15.066 गुण, तिसरीला 15.216. फरक 0.150 चा.

खरं सांगते, ती गोष्ट ऐकून माझ्या मनात पहिला विचार काय आला? ‘हे 0.150 नक्की कुठे गेले?’ क्वालिटीवाली बाई ना मी.

मग मी तो शोध घ्यायला लागले. या खेळाचे नियम इंटरनेटवरून काढून वाचले. ते वाचून मला वाटलं, अरे, हे तर माझंच खातं आहे! गुण दोन भागांत देतात. एक भाग अवघडपणाचा, म्हणजे तुम्ही कोणकोणत्या गोष्टी करून दाखवल्या त्याचा. दुसरा भाग सफाईचा, आणि तो दहापासून सुरू होतो आणि खाली येत जातो. गुडघा जरासा वाकला, पायाची बोटं ताणलेली नाहीत, 0.1 गेला. चूक मध्यम असली तर 0.3. मोठी असली तर 0.5. आणि पडलात तर सरळ 1 गुण गेला. पूर्वी दोन्ही मिळून दहापैकीच गुण असायचे. 1976 मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा गुणफलकावर 10.00 दाखवायची सोयच नव्हती, म्हणून 1.00 असं दिसलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती.

नियम कळल्यावर मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. मी लेकीचा सराव मोबाइलवर शूट करायला लागले. रात्री जेवणं झाली की तिला शेजारी बसवून तो व्हिडिओ हळू चालवायचा. “हे बघ, इथे टाच खाली. इथे कोपर वाकलं. इथे 0.1, इथे 0.3.” तिच्या मॅडम तिला शिकवत होत्या, तो भाग वेगळा. पण घरी एक दुसरी पंच बसली होती, आणि ती पंच तिची आई होती. मला मनापासून वाटत होतं की मी तिला मदत करतेय. माझे वडील असते तर एवढा वेळ त्यांनी माझ्यासाठी काढला असता का, असंही मनात यायचं.

मागच्या वर्षी तिची पहिली स्पर्धा ठरली. शालेय जिल्हास्तर, 14 वर्षांखालील मुलींचा गट, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. फक्त दोन साधनं तिने घेतली होती, बीम आणि फ्लोअर. स्पर्धा आली गुरुवारी. गुरुवार म्हणजे भोसरीच्या बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी, ह्यांनाही सुट्टी. मला नव्हती. मी आठ दिवस आधी रजेचा अर्ज टाकला, सुपरवायझरना दोनदा आठवण केली, रजा मंजूर करून घेतली आणि घरी येऊन मोठ्या उत्साहात सांगितलं, “मी येतेय.”

लेक भाजी निवडायला बसली होती माझ्या सासूबाईंबरोबर. तिने वर बघितलंही नाही. म्हणाली, “आई, तू नको येऊस. बाबाला येऊ दे.”

का, विचारलं. तर म्हणाली, “तू मला पार्ट बघतात तसं बघतेस.”

घरात कुणी काही बोललं नाही. सासूबाई मेथीची काडी मोडत राहिल्या. मी आत जाऊन उगाच डबे पुसले. राग आला होता मला. रजा टाकली, पैसे भरतेय, ने-आण करतेय, आणि वर हे! रात्री हे म्हणाले, “मी जातो तिला घेऊन, तू कामावर जा, विषय संपव.” नाना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, “सूनबाई, तू जा. पण लांब बस.”

म्हणून मी गेले. आणि लांब बसले.

सकाळी पावणेसातला निघालो. नाशिक फाटा, पिंपळे सौदागर, वाकड करत बालेवाडी. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल. आपण हायवेवरून शंभर वेळा जातो, पण आत गेल्यावर त्याचा आवाका कळतो. आठला हजेरी होती. ज्यांनी कधी अशी स्पर्धा बघितली नाही त्यांना सांगते, मुलांच्या स्पर्धेत नव्वद टक्के वेळ वाट बघण्यात जातो. सगळीकडे आया. कुणी पोरीच्या केसांना जेल लावून अंबाडा घट्ट करतंय, कुणी पिना तोंडात धरून बसलंय, कुणी डब्यातली अर्धी पोळी भरवतंय आणि पोरगी नाही म्हणतेय. बाप मंडळी हाताची घडी घालून उभी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, आपल्याला जणू काहीच वाटत नाहीये.

मी सगळ्यात वरच्या पायरीवर, खांबाच्या आडोशाला बसले. लेकीला दिसणार नाही अशी. आणि कबूल करते, पर्समध्ये पेन होतं. एका जुन्या पावतीच्या मागे मी दोन रकाने आखले. सवय.

बीम म्हणजे काय, हे तिथे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. पाच मीटर लांब आणि रुंदी फक्त दहा सेंटिमीटर. आपल्या बागेच्या कठड्याएवढीच म्हणा. पण उंची सव्वा मीटर. तिच्या छातीपर्यंत येत होता तो. त्याच्यावर चालायचं, उडी मारायची, एका पायावर गिरकी घ्यायची, पाय वर करून तोल धरायचा, आणि शेवटी खाली उडी मारून न हलता उभं राहायचं. सगळं दीड मिनिटाच्या आत.

साडेबाराच्या सुमाराला तिचं नाव पुकारलं. ती पंचांसमोर आली, हात वर करून सलामी दिली. हा नियमच आहे, सुरुवातीला आणि शेवटी पंचांना सलामी द्यायची. मला ती फार छोटी दिसली. घरात दारातून जाताना ‘केवढी वाढली’ वाटणारी मुलगी त्या हॉलमध्ये एकदम लहान झाली होती.

ती वर चढली. मी लिहायला लागले. पहिल्या चार पावलांत टाच खाली, 0.1. हात वर नेताना कोपर, 0.1. उडीत पाय पुरते फाकले नाहीत, 0.3. माझं पेन व्यवस्थित चालू होतं.

मग गिरकी. घरी फरशीवर ती तिने हजार वेळा घेतली असेल. अर्धी गिरकी झाली, शरीर एका बाजूला कललं, दोन्ही हात हवेत गोल फिरले, आणि ती पडली. मॅटवर पडल्याचा आवाज फार मोठा नसतो. पण मला तो वरपर्यंत आला.

इथे मला तुम्हाला एक नियम सांगायचा आहे, म्हणूनच एवढं सगळं सांगितलं. बीमवरून पडलात की एक गुण गेला, हे मला पाठ होतं. पण त्याच नियमांत पुढे आणखी एक गोष्ट आहे, जी मी वाचली होती आणि सोडून दिली होती. पडल्यावर परत चढायला दहा सेकंद मिळतात. त्या वेळात खेळाडूने उठायचं, श्वास घ्यायचा, हाताला पूड लावायची असेल तर लावायची, आणि परत वर चढून पुढचा भाग करायचा. जे आधी केलंय ते पुसलं जात नाही. गेला तो एक गुण गेला, बाकीचे अजून तिथेच आहेत. मध्ये प्रशिक्षकाने हात द्यायचा नसतो, दिला तर गुण जातात. ते दहा सेकंद फक्त तिचे.

दहा सेकंद किती असतात? आत्ता मी गप्प राहते, तुम्ही मनात मोजा.

(इथे वक्त्या दहा सेकंद थांबल्या.)

लांब वाटले ना? आपली लिफ्ट तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जायच्या आधी संपतात ते, पण तिथे मला पाळी संपल्यासारखे वाटले. माझ्या हातातलं पेन थांबलं. पहिल्या सेकंदाला मी मनात म्हटलं, ‘एक गुण.’ दुसऱ्याला वाटलं, लागलं असेल का? तिसऱ्याला मी उठून उभी राहिले. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं हेच सुचेना. चौदा वर्षं ज्या तोंडाने मी ‘इथे चूक आहे’ म्हणत आले, त्या तोंडाला दुसरं वाक्यच येत नव्हतं. लाल बिनमध्ये टाकलेल्या भागाला कुणी ‘उठ’ म्हणत नाही ना!

ती उठली. माझ्याकडे बघितलं नाही. मी आहे हे तिला माहीतच नव्हतं. मॅडमकडेही बघितलं नाही. तळवे मांडीला पुसले, बीमवर दोन्ही हात टेकवले, आणि क्षणभर तशीच उभी राहिली. त्या क्षणी तिचा चेहरा मला दिसला. रडवेला नव्हता. हिशोब करताना नानांचा होतो ना, ओठ आत घेतलेला, तसा होता. मग ती वर चढली. आणि काय केलं माहितीये? ती गिरकी पुन्हा घेतली. घेतली, डळमळली, पण राहिली.

पुढचं अर्धं मिनिट मी काय बघितलं हे मला सफाईच्या भाषेत सांगता येणार नाही. तिचा पाय कुठे वाकला, बोटं ताणली होती की नाही, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की एक अकरा वर्षांची मुलगी दहा सेंटिमीटरवर एकटी चालत होती आणि ते मी बघत होते. आधी मी ते कधी बघितलंच नव्हतं. खाली उडी मारून ती उतरली, एक पाऊल मागे गेलं, हात वर करून सलामी दिली. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की मी अजून उभीच आहे.

नंतर फ्लोअरही झालं. ते ठीक झालं. निकाल लागला, त्यात तिचा नंबर कुठेच नव्हता. शेवटून मोजलं असतं तर लवकर सापडली असती. हे सगळं मी इथे तिला विचारून सांगतेय बरं का, ती मागे बसली आहे.

बाहेर पार्किंगमध्ये तिने मला बघितलं. थांबली. मला वाटलं चिडेल. तिने एकच विचारलं, “किती कापलेस?”

मी पर्स उघडून तिला ती पावती दिली. तिने वाचली. वरचे चार-पाच आकडे वाचले, मग पावती उलटी करून बघितली. म्हणाली, “पडल्यानंतरचं काहीच नाही.” मी म्हटलं, “लिहायचं राहून गेलं.” ती काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर वाकड येईपर्यंत तिने राहिलेली पोळी खाल्ली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी खाली बस. वरून टाचा दिसत नाहीत.”

एवढीच गोष्ट आहे. यात कुणी जिंकलं नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. कुणाचं काही बिघडलं, दूध उतू गेलं, पेपर अवघड गेला, ह्यांची ऑर्डर हुकली, की दहा सेकंद कुणी बोलायचं नाही. मला सगळ्यात अवघड जातं. मी मनात आकडे मोजते. लेकीला कळतं की मी मोजतेय, आणि ती हसते. व्हिडिओ अजूनही मी काढते, कारण तिला हवा असतो. पण आता तो ती चालवते, आणि थांबवायचं कुठे हे ती ठरवते.

कामाच्या ठिकाणी माझी नजर तीच आहे आणि तीच राहणार. ब्रेकच्या भागाला दहा सेकंद देऊन चालत नाही. पंचांचंही तसंच, कापणं हे त्यांचं कामच आहे आणि ते त्यांनी चोख करावं. माझी चूक एवढीच झाली की पंच तिथे चार बसले होते, तरी मी पाचवी व्हायला गेले. आईची खुर्ची मग रिकामी राहिली.

आणि हे फक्त माझ्या घराचं नाही म्हणून इथे सांगितलं. निकालाच्या दिवशी आपल्या लिफ्टमध्ये काय होतं? दार बंद व्हायच्या आत आपण पोराला विचारतो, “काय रे, किती पडले?” आपल्या भाषेत मार्कसुद्धा पडतातच. ते पोरगं पाचव्या मजल्यापर्यंत छताकडे बघत राहतं. मीही विचारलंय असं, कुणाकुणाला. त्या सगळ्यांची आज माफी मागते.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे. आपल्या क्लबहाउसचा हॉल संध्याकाळी बंद असतो. मी समितीकडे अर्ज दिला आहे की आठवड्यातून दोन दिवस, सहा ते साडेसात, तो मुलांसाठी उघडावा. जिम्नॅस्टिक्सच पाहिजे असं नाही. कोलांट्या मारू देत, दोरीवरच्या उड्या मारू देत, योगासनं करू देत. मॅटचा खर्च आम्ही सात घरं मिळून करतोय. एक पालक रोज हजर राहील, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना धपधप आवाजाचा त्रास होतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणून जाड मॅट घेणार आहोत आणि साडेसातला कुलूप लावणार आहोत. अर्ज पुढच्या वार्षिक सभेत येईल. आमची लेक त्यात आहे म्हणून हो म्हणू नका. हिशोब बघा, वेळ बघा, पटलं तर हात वर करा.

आणि बागेचा तो कठडा. पंचविशीनिमित्त बागेचं नूतनीकरण होणार आहे, तेव्हा तो काढून लोखंडी रेलिंग बसवायचं चाललंय असं ऐकलं. माझी विनंती आहे की निदान एका बाजूचा तरी ठेवा. नाना म्हणाले तशी ती वीतभरच उंची आहे. पडायला शिकायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.